इंजिन कोनाचं?

कुणी कितीही देखणा गेम दाखवला, तरी सुषमाताई लगेच कौतुक करत नसत. खणातून काच तडकलेला एक जुनाट फोन काढून समोर ठेवत आणि म्हणत, "याच्यावर चालते का? चालत असंल तं बोल." शिरपूरला अर्ध्या गावाच्या हातात तसलेच फोन होते, त्यामुळे ताईंच्या लेखी तोच खरा परीक्षक.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या स्टँडमागे, कापडाच्या दुकानावर ताईंचा संगणकाचा क्लास होता. शिरपूरच्या जैन किराणेवाल्यांची ही लेक रोज एसटीने ये-जा करी. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं की "तुमाले काहून पाह्यजे?" एवढंच उत्तर. मी वाशीमहून डिग्री घेऊन त्यांच्याकडे शिकवायला लागले, तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या आणि क्लास सुटल्यावर एक गेम बनवत होत्या. नाव 'राखण'. हरभऱ्याच्या शेतात रोही, म्हणजे नीलगाई, शिरतात आणि एक मुलगी त्यांना हाकलते. डबा वाजवते, बुजगावणं उभं करते, कुत्रा सोडते. बोलते अगदी आमच्यासारखी.

गेम बनवायला इंजिन लागतं. चित्रं हलवणारा, आवाज देणारा, कोण कुणाला धडकलं ते पाहणारा तयार सांगाडा. तो मुळापासून बांधायचा तर आम्हा दोघींचा जन्म गेला असता. म्हणून ताईंनी हरभऱ्याचं तेच शेत तीन वेगवेगळ्या इंजिनांवर बनवून पाहिलं. पहिल्यातलं ऊन इतकं खरं की डोळे बारीक व्हावेत. पण तो फोन तव्यासारखा तापला आणि बंद पडला. "हा राजाचा हत्ती हाये," ताई म्हणाल्या. "पाह्याले मस्त. बांधू कुठी?" दुसरं हलकं होतं, शिकवणारे व्हिडिओही ढिगाने. तिसरं फुकट आणि खुलं, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं. पण तेव्हा ते अर्धंकच्चं होतं, मधेच रुसायचं. ताईंनी दुसरं निवडलं आणि निम्मा गेम आम्ही त्यावर उभा केला.

मग त्या इंजिनाच्या कंपनीने अटी बदलल्या. आमच्यासारख्या लहानांनी गेममध्ये कंपनीच्याच जाहिराती दाखवायच्या, अशी सक्ती आली. मी म्हटलं, "ताई, मान्य करून टाकू. सगळेच करतात."

ताईंनी चष्मा काढून ठेवला. "वावर आपलं अन् वाट दुसऱ्याची असली, तं पीक घरी येत नाई पोरी. इंजिन कोनाचं, हे आधी पाह्याचं असते. उद्यापासून तिसरं घेऊ."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?"

"मंग? पेरनी उलटली म्हनून कोनी वावर इकते का?"

आम्ही पुन्हा पेरलं. जवळजवळ तयार झालेला गेम पाहून पुण्याचा एक प्रकाशक मालेगावपर्यंत आला. गेम त्याला आवडला होता. म्हणाला, "मॅडम, या मुलीच्या हातात बंदूक द्या. रोही मारला की पॉइंट. आणि हे गावंढळ बोलणं काढून टाका. नुसतं हाकलण्यात काय मजा?"

ताई चहा ओतत होत्या. "तुमी कधी रोही हाकलला का?"

"नाही."

"मंग मजा कशी समजन? माह्या खेळात जीव मरनार नाई, अन् हे पोरगी पुन्याचं बोलनार नाई. चहा घ्या."

त्याने चहा घेतला आणि गेला. माझा चेहरा पडलेला पाहून ताई म्हणाल्या, "तोंड कायले पाडतं वं? त्याले राखन नाई पाह्यजे, शिकार पाह्यजे."

'राखण' निघाला. धो धो चालला नाही. पण एकदा मालेगावच्या स्टँडवर दोन अनोळखी पोरी एकाच फोनवर वाकून "हाट, हाट!" ओरडताना दिसल्या. ताई दिवसभर ते येईल त्याला सांगत होत्या.

पुढे ताईंना कॅन्सर निघाला. अकोल्याच्या दवाखान्यात भेटायला गेले, तर उशीला टेकून त्या कुणा खेळणाऱ्याची तक्रार वाचत होत्या. गेममध्ये एका जागी रोही कुंपणाच्या तारेत अडकतो आणि सुटतच नाही.

"ताई, तब्येत कशी..."

"आधी त्याले सोडव. माहं मंग पाहू."

मी व्हरांड्यातल्या बाकावर लॅपटॉप उघडला. गफलत आमच्या गेममध्ये नव्हतीच, इंजिनात होती. जुन्या कंपनीचं इंजिन असतं तर विनंती करून वाट पाहत बसावं लागलं असतं, आणि ताईंकडे तेवढा वेळ नव्हता. हे मात्र आतपर्यंत उघडं होतं. दुपारभर शोधून चुकीची ओळ सापडली. दुरुस्त केली. कुणाची परवानगी लागली नाही.

संध्याकाळी लॅपटॉप ताईंसमोर धरला. बोटांत जोर नव्हता, तरी बटण त्यांनीच दाबलं. रोह्याने मान वर केली, तार ओलांडली आणि माळावर सुसाट सुटला.

"गेला, पाह्य!" ताई म्हणाल्या. मग जरा दम घेऊन, "आता हे इंजिनवाल्यायले पाठव. दुसऱ्याचे जनावरं कायले अडकू द्याचे?"

मी पाठवलं. खाली नाव सुषमाताईंचं घातलं. त्यांना विचारलं नाही, विचारलं असतं तर नको म्हणाल्या असत्या. ताई गेल्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती ओळ ताईंच्या नावासकट मूळ इंजिनात घेतली गेली.