दुधावरून भाव सांगणारे नाना

नानांशी वाद घालणं हा निव्वळ मूर्खपणा होता आणि बुलढाण्यात असताना तो मी जवळजवळ रोज केला. कोर्टातून निवृत्त झालेले कारकून, गल्लीच्या टोकाला घर, दारात एक म्हैस. घाटाखालच्या एका सरकीच्या तेल कंपनीचे शेअर त्यांनी घेतले होते आणि कंपनी कशी चालली आहे हे ते म्हशीच्या दुधावरून सांगत. म्हैस त्याच कंपनीची पेंड खायची. दूध दाट आलं की कंपनी जोरात. जन्मभर कोर्टात लोकांच्या साक्षी ऐकलेल्या या माणसाला म्हशीची साक्ष तेवढी भरवशाची वाटत होती.

आमच्या बाबांनाही त्यांनी यात ओढलं. बाबा शाळामास्तर. चिखली रोडला प्लॉट घ्यायचा म्हणून साठवलेले पैसे त्यांनी नानांच्या शब्दावर त्या शेअरमध्ये घातले. भाव वाढला की प्लॉटवर दोन खोल्याही होतील, असं नाना छातीठोकपणे सांगत. भाड्याची घरं बदलून कंटाळलेल्या आईने तर स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला हवी हेसुद्धा ठरवून टाकलं.

भाव आमच्याकडे एस.टी.ने यायचा. खामगावचा दलाल कंडक्टरजवळ निरोप द्यायचा आणि संध्याकाळी नाना, बाबा आणि गल्लीतले दोघेतिघे शेअरवाले स्टँडवर चहा घेत गाडीची वाट बघायचे. भाव चढला तर नाना खूश. उतरला तर म्हणायचे, "आपल्यासाठी थांबून राह्यला तो." थांबतोय कसला, रोज खाली जात होता. पुढे कंपनीवर बँकेचं मोठं कर्ज झाल्याची कुणकुण लागली, तेव्हा मी तणतणत नानांकडे गेलो. ते धार काढत होते. म्हटलं, आहे त्या भावाला विकून टाका म्हणून बाबांना सांगा, ते तुमचंच ऐकतात.

"कर्ज काऊन देते बँक?" नाना शांतपणे म्हणाले. "चालनाऱ्यालेच देते. तुले देते का बे कोनी?"

आणि पेलाभर दूध माझ्या हातात दिलं. बुडणाऱ्या कंपनीच्या पेंडीवर असं दूध येतं का, ते पिऊन सांग म्हणाले. दूध खरंच बासुंदीसारखं होतं. हातात पेला असला की माणसाला भांडता येत नाही. मी पिऊन घरी आलो आणि बाबांनी शेअर ठेवले.

कंपनीची सभा भरली तेव्हा आम्ही सगळे घाट उतरून गेलो. चेअरमन म्हणाले, कर्ज फेडता येत नाही, कंपनी बंद करावी लागेल. यंत्रं झिजली होती, नवी घ्यायला पैसा नव्हता. सरकीतलं तेल पुरतं निघतच नव्हतं, बरंचसं पेंडीतच राहून जात होतं. मी नानांकडे पाहिलं. म्हणजे दूध जितकं दाट, तितकी कंपनी खोलात जात होती! आईची खिडकी ती म्हैस आरामात रवंथ करत बसली होती.

परत येताना नाना एवढंच बोलले, "म्हैस खरंच सांगत होती. मलेच समजलं नाई."

अशा वेळीही म्हशीचीच बाजू! माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी तांब्याभर दूध आमच्या दारात ठेवू लागले. बाबांनी हात जोडले, आई नको म्हणाली, मी तर सरळ रागावलो. ऐकतील तर ते नाना कसले. हे दूध पातळ होतं, चहासुद्धा धड होत नसे. त्यावर त्यांचं उत्तर तयार: आता पेंड दुसऱ्या मिलची आहे, दूध पातळ म्हणजे ती मिल मजबूत. हे ऐकून मी कपाळाला हात लावायचो.

मी नोकरीला नागपूरला गेलो. आईबाबा भाड्याच्याच घरात राहिले आणि दारातला तांब्या काही चुकला नाही. पुढे नाना अंथरुणाला खिळल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेलो. त्यांच्या सूनबाईंनी पेला आणून दिला. एक घोट घेतला. दूध दाट होतं.

"नाना, पेंड कोनत्या मिलची? शेअर घेतले असतील तर विकून टाका."

नाना पडल्यापडल्या हसले. "पेंड कुठली बे? सभेहून आलो तवापासून परवडलीच नाई. तू येनार म्हनून साय घातली तुह्यासाठी."

इतकी वर्षं खोटं बोलल्याबद्दल मला त्यांच्याशी कडाडून भांडायचं होतं. तशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. पण माझ्या हातात पेला होता.