वजनकाट्याच्या खोलीकडची केबल

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पोटापाण्यालाच कॉम्प्युटर जोडायचं काम... दिवा लागला म्हणजे वायर जोडलेली, विझला म्हणजे तुटलेली. मधलं काही नसतं, असं मानणारा माणूस मी.

दुष्काळाचं वर्ष. शिरूर कासारजवळच्या एका गावात दूध सोसायटीत नोकरीला होतो. ऑफिसातला कॉम्प्युटर आणि अंगणापलीकडच्या वजनकाट्याच्या खोलीतला कॉम्प्युटर मीच केबल टाकून जोडलेले. दोन्ही केबली ऑफिसातल्या स्विचला, म्हणजे एका छोट्या डब्याला लावलेल्या. पुढं जनावरं चारा छावणीत गेली, माणसं ऊसतोडीला. दूध आटलं. काट्याचा कॉम्प्युटर तालुक्याला नेला. उरलो मी एकटा... दिवसदिवस कुणाशी शब्द नाही.

एका दुपारी स्विचकडं लक्ष गेलं. काट्याच्या केबलीचा दिवा लुकलुकत होता! पलीकडं चालू मशीन असल्याशिवाय तो लागतच नाही. मी काट्याच्या कॉम्प्युटरच्या जुन्या नेटवर्क-पत्त्यावर पिंग केलं. पिंग म्हणजे एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला मारलेली हाक. समोर कुणी असेल तरच ओ येते.

ओ आली.

तालुक्याहून मशीन परत आणलं की काय, म्हणून उन्हातून पलीकडं गेलो. खोलीला कुलूप. आणि दारात सोपानतात्या, पूर्वी रोज दूध घालायला येणारे गावातले म्हातारे, आडवे पडलेले... ओठ कोरडे, अंग तापलेलं. सावलीत ओढलं, तोंडावर पाणी मारलं.

"कोन हाय?"

"मी, तात्या. काटा बंद हाय की! कशापायी आलात एवढ्या उन्हात?"

"म्हाईत हाय रं... पोरं गेली, म्हैस गेली. घरात बोलाया कुनी न्हाई. हितं मानसं यायची..."

जीप मिळाली, दवाखाना गाठला. "आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी तात्यांचा मुलगा उसाच्या फडावरून आला.

परतल्यावर कुलूप काढलं. खोलीत मशीन नव्हतंच. केबलीचं टोक भिंतीला तसंच लोंबकळत होतं. टेस्टर लावला – सिग्नल नाही. शोधत गेलो तर अंगणात मध्येच उंदरांनी केबल पार कुरतडून तोडलेली. तुटक्या जागी जुनी धूळ बसलेली.

जाणकारांना विचारलं. कुणी शॉर्ट म्हणालं, कुणी उन्हाचा परिणाम. दिव्याचं एकवेळ मान्य करीन, पण ओ कुणी दिली? मला आजही माहीत नाही.

सोसायटी बंद होईपर्यंत रोज दुपारी मी त्या पत्त्यावर हाक मारायचो... पुन्हा कधी उत्तर आलं नाही.