धोंड्याच्या महिन्याचं व्याज

ज्या घरात मनीऑर्डरीवर आजवर अंगठेच उठत आले, त्या घरातल्या मुलानं कॉलेजच्या वार्षिकात लिहायला बसावं, हा मला स्वतःलाच थोडा आगाऊपणा वाटतो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. बँकेतल्या मुदत ठेवीवर व्याज कसं मिळतं आणि त्यातला कर कुठं जातो, हे मला वर्गात कळलं नाही. आत्याला समजावून सांगताना कळलं. तेवढंच सांगायचं आहे.

आत्या सेलूला, निजामाच्या राज्यात, आमच्याकडेच राहते. तिचे यजमान तिथल्या जिनिंगमध्ये फिटर होते. ते गेल्यावर मुंबईच्या मालकांनी तिला काही रक्कम दिली, तीही आमच्या हाली शिक्क्यात नव्हे, इंग्रजी कलदार रुपयांत. मी तेव्हा नुकताच नाशिकला कॉलेजात आलो होतो. आत्या म्हणाली, "तू तिथं हाईस तर तिथल्याच बँकेत ठीव. जाता-येता बघत जा."

"पैसे तिजोरीत असतात, आत्या. मला कसे दिसतील?"

"मंग इमारत तरी बघ."

एका वर्षाच्या मुदतीनं ठेव ठेवली. इमारत मात्र मी खरोखरच बघत होतो.

मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून शिवणाचं मशीन घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. बाजारातला म्हातारा दर्जी ईदला लेकीकडे औरंगाबादला कायमचा जाणार होता आणि आपलं हातानं फिरवायचं मशीन विकणार होता. शेजारणींच्या चोळ्या शिवाव्यात, आपला खर्च आपण भागवावा, भावाच्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. ईदपर्यंत सगळी किंमत देते, असा तिनं दर्ज्याला शब्द दिला.

मुदत संपली. मुद्दल पुन्हा ठेवून, व्याज घेऊन मी मनमाडवरून सेलूला आलो. आत्यानं नोटा मोजल्या, मग माझ्याकडे बघितलं.

"धोंड्याच्या महिन्याचं कुठाय?"

मला आधी काही समजेना. मग उलगडलं. आमच्याकडे सावकार महिन्यावर व्याज लावतो आणि अधिक महिना आला की त्या वर्षी तेरा महिन्यांचं घेतो. त्या वर्षी अधिक महिना होता. आता व्याजानं पैसे देणारी आत्या होती, तेव्हा तिनं तेरा महिने धरून मशीनची किंमत कबूल केली होती.

"आत्या, बँकेत पंचांग चालत न्हाई. इंग्रजी वर्ष असतं. बाराच महिने."

"सावकाराला धोंड्याचा महिना दिसतो अन् बँकेला दिसत न्हाई? आंधळी हाय का तुजी बँक?"

वडील ओसरीवरून हसले. "सावकारीणबाई, जप्ती न्या बँकेवर!"

"तू गप रे," आत्या म्हणाली. पुन्हा माझ्याकडे वळली. "बरं, बारा तर बारा. पण हे बाराचं बी भरत न्हाई."

तिचा हिशेब बरोबर होता. आता मला कराचं सांगणं भाग होतं. "सरकारनं कर कापून घेतलाय."

"आपल्या?"

"इंग्रज सरकारनं."

"म्या तर इंग्रजाच्या राज्यात पाय बी ठिवला न्हाई!"

"म्हणूनच कापलाय," मी म्हणालो, आणि वडील पुन्हा हसले. पण खरं तेच होतं. आम्ही निजामाच्या मोगलाईतले, म्हणजे तिकडच्या कायद्यानं बाहेरचे. बाहेर राहणाऱ्याला व्याज देताना बँकेनं कर आधीच कापायचा, तोही सगळ्यांत चढ्या दरानं. हे आत्याला कसं सांगावं? शेवटी मी करोडगिरीचं नाव काढलं. सरहद्दीवरून माल आणला की नाक्यावर जकात भरावी लागते, हे तिला ठाऊक होतं. "तुजं व्याज सरहद्द ओलांडून आलं. समज, नाक्यावर अडवलं."

आत्यानं नोटा पदराला बांधल्या. "पण नाक्यावरचा शिपाई बी इचारतो, लुगडं घरचं हाय का विकायचं. घरचं असलं तर सोडतो. मला कोणी कामून इचारलं न्हाई?"

नाशिकला परतल्यावर मी घाबरत घाबरत बँकेतल्या कारकुनांना तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "विचारत नाहीत, आपण सांगायचं असतं." वर्षाची सगळी मिळकत, इकडची आणि तिकडची, कराच्या मर्यादेखाली असेल तर अर्ज करून कापलेला कर परत मिळतो. मी सुट्टीत घरी येऊन आत्याची मिळकत लिहून घेतली. "एक गाय. दोन शेळ्या, त्यातली एक भाकड, तेबी लिही. परसात शेवगा." शेंगा विकत नाही, शेजारी वाटते, हेही तिनं लिहायला लावलं. उगाच उद्या कोणी खोटं म्हणायला नको.

अर्ज गेला. आत्यानं हातातले पैसे दर्ज्याला दिले, राहिलेल्यासाठी मुदत मागितली. पावसाळा सरला, ईदही होऊन गेली. कराच्या कचेरीतून काहीच येईना. म्हातारा औरंगाबादला गेला असणार, मशीन दुसऱ्या कोणाच्या घरी असणार, असं धरून मी बँकेच्या इमारतीकडे बघायचंही सोडलं.

दिवाळीनंतर एकदाचा कर परत आला. मी त्याच दिवशी मनीऑर्डर केली. म्हटलं, मशीन नाही तर नाही, पैसे तरी पोचावेत.

मग जिनिंगमधले एक मिस्त्री कामासाठी नाशिकला आले आणि मला शोधत वसतिगृहावर पोचले.

"काय कालेजवाले! म्हातारा हाय की अजून सेलूतच."

"ईदला जाणार होता ना?"

"तुजी आत्या जाऊ देईल तवा! मशीन दुसऱ्याला द्यायचं न्हाई म्हणून रोज दुकानात जाऊन बसली. त्याची राहिलेली कापडं हिनंच शिवली. तो म्हणला, बाई, बाकीचे सावकाश द्या. ही म्हणली, मंग त्याचं व्याज सांगा. तो कानाला हात लावतो, आमच्यात व्याज चालत न्हाई म्हणतो. लय जुंपली दोघांची. मनीऑर्डर आली तशी हिनं बाकी चुकती केली, अन् त्याच सांजंला बैलगाडीतनं मशीन घरी. आता तुला सदरा शिवायलीय. गळा बारीक झालाय म्हणती, पण घालायचा."