प्रेमाच्या दिवशी अकरा राख्या

प्रेमाच्या सणाला छोटा सण म्हणतात, याचा मला आजही संताप येतो. आम्ही बेने इस्राएल, कोकणातून आलेले मराठी यहुदी. आमच्याकडे उपासांना केवढा मान! जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याच्या शोकाचा कडक उपास, पाण्याचा थेंब नाही. आणि त्यानंतर सहाच दिवसांनी, आमच्या आव महिन्याच्या पौर्णिमेला येणारा तू बे आव, चांगला प्रेमाचा दिवस, तो छोटा! आमच्या आईला तर तो ठाऊकच नव्हता.

ठाऊक झाला तो इस्राएलला गेलेल्या मावशीच्या पत्रातून. पूर्वी म्हणे त्या दिवशी मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यात नाचायच्या आणि मुलगे नवरी पसंत करायचे. कपडे मात्र दुसरीकडून मागून आणलेलेच हवेत, म्हणजे गरीब कोण, श्रीमंत कोण हे कळायला नको. मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि आईच्या मागे लागले, "यंदा हा सण करायचाच."

मला घाई होती. बाबा जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात फिटर होते. एकाहत्तरची लढाई डिसेंबरात झाली, पण कारखान्याला ती ऑगस्टपासूनच कळली होती. ओव्हरटाइम संपेना. रजा मिळाली की मुंबईच्या एका स्थळाकडे मला दाखवायला न्यायचं बाबांनी ठरवलं होतं. आणि माझं मन बसलं होतं अलिबागकडून कारखान्यात नव्यानेच आलेल्या एका टर्नरवर. तोही आमच्यातलाच. दीक्षितपुऱ्यात आमच्या समोरच खोली घेऊन राहायचा. दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनेला यायचा, माझ्याकडे बघायचा आणि हवेबद्दल बोलायचा. आठ महिने नुसती हवा!

गावात आमची चारच घरं. द्राक्षमळा नव्हता, पण आमच्या अंगणात पेरूचं झाड होतं. दुपारी सगळे जमणार होते, आई मलिद्याची, म्हणजे गोड पोहे आणि फळांच्या नैवेद्याची, परात भरणार होती. साडी मी गल्लीतल्या नर्सबाईंकडून मागून आणली. पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची. "डाग पाडलास तर बघ," एवढंच त्या म्हणाल्या.

इथवर सगळं झकास. फक्त एक गोष्ट आमच्या चार घरांतल्या एकाही शहाण्याच्या लक्षात आली नाही. आवची पौर्णिमा ती श्रावणाचीही पौर्णिमा. म्हणजे राखी! वीस वर्षं जबलपुरात काढलेली माणसं आम्ही, आणि दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगून एकाच कॅलेंडरात बघत बसलो.

मी साडी नेसून त्याला बोलवायला समोर गेले, तर तो ओसरीवर पाटावर बसलेला. कपाळावर कुंकू, हातावर मनगटापासून कोपरापर्यंत राख्या. अकरा! मी मोजल्या. त्याची घरमालकीणकाकू नागपूरची. बिचारा एकटा आहे म्हणून तिने गल्लीतल्या सगळ्या पोरी रांगेत बसवल्या होत्या, आणि हा गाढव प्रत्येकीपुढे हात करून खोव्याची जलेबी खात होता.

"काहून गं, सणाच्या दिवशी पांढरं नेसून राहिली?" काकू ओरडली. मी तोंड उघडायच्या आत तिने माझ्या हातात बारावी राखी कोंबली. "चलो, तूच राहिली होतीस. बांध भैयाला."

भैयाला! माझ्या कानशिलात आग पेटली. आठ महिने हवा ऐकून घेतली ती भैयासाठी? मी त्याच्याकडे बघितलं. तो राखीकडे बघत होता. मग त्याने हात झटकन पाठीमागे नेला.

"हात दुखतोय काकू. मशीनवर लागला."

"आत्ता अकरा बांधल्या तेव्हा नाही दुखला? डावा दे."

"डावाही दुखतोय."

"दोन्ही?"

"दोन्ही."

पोरी फिदीफिदी हसल्या. मी राखी पाटावर टाकली आणि ताडताड घरी आले. खूश झाले होते, पण रागही तेवढाच होता. दोन शब्द बोलायला काय झालं होतं? मुंबईचं स्थळ काय दुखऱ्या हातांनी टळणार होतं?

थोड्या वेळाने तो आला. अंगणात सगळे बसले होते. आईने आतून हाक मारली, "अरे, परात जरा बाहेर घे." आणि पोहे, नारळ, केळी, सफरचंदांनी शिगोशीग भरलेली ती पितळी परात या पठ्ठ्याने दोन्ही हातांनी उचलून, डुलत डुलत बाहेर आणली. नेमकी तेव्हाच दारात काकू! जलेबी घेऊन आली होती.

"अच्छा!" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हिच्या राखीलाच हात दुखत होते तर. साहेब, बघून राहिले ना? तुमच्या पोरीला बहीण मानायला तयार नाही हा!"

 बाबांनी आधी परातीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"परात खाली ठेव," बाबा म्हणाले. "आणि काय ते तोंडाने बोल."

त्याने परात ठेवली. कोपरापर्यंतच्या राख्या सावरल्या. "मुंबईला कळवू नका," तो म्हणाला. हवेचं नाव काढलं नाही.

बाबांनी कळवलं ते नकाराचंच.

पण माझा राग गेलेला नाही. त्या अकराही जणींनी नातं मनावर घेतलं. एका राखीच्या दिवसात मला अकरा नणंदा मिळाल्या. दर श्रावणात त्या भावाकडे येतात, माझ्या भाजीला नावं ठेवतात. प्रेमाचा माझा एवढासा दिवस, आणि तो मी सकाळपासून बाराजणांच्या पुऱ्या तळत घालवते. तो मात्र पाटावर हात पुढे करून बसतो. ठणठणीत, दोन्ही हात.