आखाजीसाठी घेतलेली साडी

माझ्या मायने आयुष्यभर नक्कलच नेसली, आणि तीही मोठ्या तोऱ्यात. धुळ्याच्या आग्रा रोडवर एका मारवाडी शेठजींचं कापडाचं दुकान आहे. तिथे गादीवर मांडी ठोकून ती सांगायची, "शेठ, काल टीव्हीवरच्या सुनेनं नेसली होती ना, ती दाखवा. तिची नको, तिच्यासारखी." शेठजींना हे पाठ झालं होतं. सुरतेचा माल उतरला की ते आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन करायचे, की भाभीजींना पाठवा. यात मायला कधी कमीपणा वाटला नाही. उलट एखाद्या लग्नात कुणाच्या अंगावर अस्सल महागाची साडी दिसली, की ती आपला पदर तिच्या पदराला लावायची आणि चारचौघींत आम्हाला विचारायची, "सांगा बरं व, कोनती खरी शे?" आम्ही दोघी बहिणी लाजेने अर्ध्या व्हायचो. पण त्या खेळातच आम्हाला कापड उलटून बघायची सवय लागली.

धाकटी पुण्याला नोकरीला लागली आणि मोठ्या नावाचे कपडे घालू लागली. तिच्या एका कुर्त्याची किंमत ऐकून मायने तो उलटा केला, शिवण बघितली आणि म्हणाली, "नाव मोठं, लक्षण खोटं." धाकटी चिडली. कुणीतरी डोकं चालवून, महिनोन्महिने बसून एक नक्षी काढतो आणि सुरतेला ती आठ दिवसांत छापून विकतात, ही चोरी आहे, असं तिचं म्हणणं. माय शांतपणे म्हणाली, "मंग तेले सांग, माले परवडी आशी बनाड." धाकटीने कुर्ता तिच्या हातातून ओढून घेतला. मी जळगावात पिंप्राळ्याला राहते, सेलमध्ये मिळेल ते घेते आणि या दोघींच्या वादात पडत नसे.

गेल्या दिवाळीत मात्र वेगळंच झालं. धाकटीच्या मोबाइलवर कुठल्याशा नटीच्या लग्नातला फोटो होता. पोपटी साडी, डाळिंबी काठ, पदरभर हाताने भरलेल्या वेली. मायने फोटो बराच वेळ धरून ठेवला. आता ही म्हणणार, शेठला सांगते अशीच आणायला, असं आम्हाला वाटलं. ती म्हणाली, "एकडाव ओरिजनल नेशीसन दखनी शे माले." खरी नेसून बघायची, आणि तीही मायला! मी हसले. ती हसली नाही.

तो फोटो तिने स्वतःच्या फोनवर घेतला आणि येईल जाईल त्याला दाखवला. शेजारणींना दाखवला, दूधवाल्याला दाखवला. भाऊबिजेला शिंदखेड्याहून मामा आला, त्यालाही दाखवला. मामा तिचा एकुलता धाकटा भाऊ, एसटीतला निवृत्त कंडक्टर. आई-बाप केव्हाच गेलेले, त्यामुळे मायचं माहेर म्हणजे एवढा हा मामाच. त्याने चष्मा वर करून फोटो पाहिला, "चांगली शे," म्हणाला आणि फराळाचं ताट पुढे ओढलं.

नटीची साडी मुंबईच्या ज्या दुकानातली होती, तिथे धाकटीने तशीच सांगितली. तिथे ती मागणीनंतरच विणायला घेतात, त्यामुळे महिने लागणार होते. तिने हे फक्त मला सांगितलं. आखाजीला मायच्या हातात द्यायची, असं ठरलं. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. खानदेशात हा सासुरवाशिणींचा सण. त्या दिवसांत बाई माहेरी जाते, मग तिचं वय काहीही असो. सत्तरी ओलांडल्यावरही माय शिंदखेड्याला भावाकडे जायचीच. तिची पिशवी आठवडाभर आधी भरलेली असायची.

या वर्षीही भरलेली होती. आखाजी तोंडावर आली आणि एका सकाळी चहा ठेवता ठेवता माय ओट्याशी खाली बसली, ती उठलीच नाही. आबांनी मला फोन केला तेव्हा त्यांना नीट बोलता येत नव्हतं. मी जळगावहून दोन तासांत पोचले. धाकटी पुण्याहून गाडी करून दुपारी आली. गाडीतून उतरताना तिच्या हातात मोठा चपटा खोका होता, त्यावर मुंबईच्या त्या दुकानाचं नाव होतं.

आमच्याकडे बाई गेली की तिला माहेरचं कापड नेसवून पाठवतात. आंघोळ घालून अंगाला लागते ती साडी भावाने आणलेली. लेकी-सुना, नणंदा, जावा यांच्या साड्या वरून पांघरायच्या. भाऊ येईपर्यंत थांबायचं. आणि मामा नेमका यावलला, आपल्या लेकीला आखाजीसाठी घेऊन यायला गेलेला. त्याला फोनवर सगळ्यांनी सांगितलं, की वाटेत कुठल्याही दुकानातून एखादी साडी घे आणि सरळ धुळ्याला ये. तो ऐकेना. चोपडा, शिरपूर करत आधी शिंदखेड्याला जातो, मग येतो, एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मायला भाड्याने आणलेल्या थंड पेटीत ठेवलं होतं आणि अंगणातली माणसं सारखी घड्याळं बघत होती.

आतल्या खोलीत धाकटीने दार लावून खोका उघडला. मी अशी साडी हातात कधी घेतली नव्हती. काठाचा रंग डोळ्यांना निववणारा होता. पदर उलटा केला तर वेली तिकडूनही तितक्याच नीटस. धाकटी म्हणाली, "आपण हीच नेसवू."

"मामाची यायची आहे."

"मामाची वरून घालू. ताई, आयुष्यभर तिने नकली नेसली. एकच गोष्ट मागितली. आता जातानाही हिला तसलंच काहीतरी गुंडाळून पाठवायचं का?"

तिचं बोलणं मला पटलं. खरं सांगायचं तर रीतीभातीचा मला तेव्हा रागच आला होता. बाई जिवंत असताना तिला काय हवं ते कुणी विचारत नाही, आणि मेल्यावर कुणाचं कापड अंगाला लागलं याची पंचाईत गावभर. मी म्हणाले, मामाला मी समजावते, तो माझं ऐकेल. आम्ही दोघींनी ठरवून टाकलं. माय निदान जाताना तरी तिच्या मनासारखी जाणार, या विचाराने सकाळपासून पहिल्यांदा मला जरा श्वास घेता आला.

मामा आला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. टोपी घामाने भिजलेली, धोतराला प्रवासाची धूळ. तो बहिणीकडे गेला नाही, सरळ आम्हा दोघींकडे आतल्या खोलीत आला. धाकटीने खोका पटकन पलंगाखाली सरकवला. मामाने कापडी पिशवीतून कागदात बांधलेली साडी काढली आणि कागद सोडवला.

पोपटी साडी. काठ डाळिंबी.

"आखाजीले देवासाठे लई ठेयेल व्हती," तो म्हणाला. "भाऊबीजपाशीन दखी ऱ्हायंतू. शेवट नंदुरबारले भेटनी. दुकानदारले फोटो दखाडा, तो म्हने हाईच ती."

भाऊबिजेपासून शोधून, आखाजीला बहिणीला द्यायला आणलेली साडी घरी होती, म्हणून तो यावलहून वाट वाकडी करून आधी शिंदखेड्याला गेला होता. त्या दुपारी फोनवर त्याच्यावर ओरडणाऱ्यांत मीही होते.

मी पदर हातात घेतला. उलटून बघायची गरजच नव्हती, तरी सवयीने उलटला. वेली मशीनच्या, मागे धाग्यांचं जंजाळ. काठ डाळिंबी म्हणावा तर राणी रंगाकडे गेलेला. खळीचा वास येत होता. मायने एका नजरेत ओळखली असती आणि मग शेठजींकडे ती किती स्वस्त मिळाली असती, यावर भावाला चिडवून चिडवून बेजार केलं असतं.

मामा माझ्याकडे बघतच नव्हता. तो धाकटीकडे बघत होता.

"तू पुनामा ऱ्हास, तुले समजस," तो म्हणाला. "ओरिजनलच शे ना व पोरी?"

धाकटीने साडी माझ्या हातातून घेतली. काठावरून हात फिरवला. ती खोटं बोलणाऱ्यातली नाही. लहानपणापासून नाही. तोंडावर बोलून तिने किती माणसं तोडलीत, ते मला माहीत आहे.

"ओरिजनल आहे मामा," ती म्हणाली. "हीच ती."

मामाने मान हलवली आणि मग तो बहिणीजवळ जाऊन बसला. तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं.

आम्ही दोघींनी मायला आंघोळ घातली आणि तीच साडी नेसवली. कापड निसरडं होतं, निऱ्या ठरत नव्हत्या. धाकटीने त्या पुन्हा पुन्हा घातल्या आणि चापून बसवल्या. आबा दारातून बघून गेले. कुंकू लावल्यावर माय लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती.

मग बायका वरून साड्या पांघरू लागल्या. मी माझी घातली. काकू, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची बायको, सगळं रीतीने करवून घेत होती. तिने धाकटीला विचारलं, "तुनी साडी कोठे शे?"

मामा मायच्या उशाशीच बसलेला होता. दोन साड्या एकमेकींवर आल्या असत्या, तर कोणती खरी, हे त्याला कुणी सांगावं लागलं नसतं.

"मी काही आणलं नाही," धाकटी म्हणाली.

अंगणात कुजबुज झाली. पुण्याची एवढ्या पगाराची लेक, आणि मायला चिंधीसुद्धा आणली नाही. कुणीतरी ते मोठ्याने बोललंही. मी बोलायला तोंड उघडलं, तर धाकटीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली. ती खाली मान घालून ऐकत राहिली.

मामा उठला. तिच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऱ्हाऊ दे पोरी, रडू नको. मनी साडी शे ना तिना आंगवर."