मिस्त्रींचा कान आणि उकडलेली काकडी

तापलेल्या इंजिनावर ते तांब्यातल्या पाण्याचे चार थेंब उडवायचे, डोळे मिटून चर्र झालेलं ऐकायचे आणि म्हणायचे, "ताप हाय. पन रोग कुटला त्ये आयकाया लागंल."

चौक गावाला जुन्या हायवेवर त्यांचं गॅरेज होतं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. असा कानावर चालणारा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. पाना हातात घेण्याआधी ते मालकाची उलटतपासणी घ्यायचे. "प्याया काय देता? तेल किती?" एकदा एका गिऱ्हाइकाने घाबरून स्वतःचंच पथ्यपाणी सांगितलं होतं.

मी तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. डोंगरातल्या वाड्यांवर लस टोचायला जायचो, म्हणून लोक मला डॉक्टर म्हणत. माझी लिलावात घेतलेली जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल रस्ता नसेल तिथे जास्त खुशीत चालायची. पण त्या भाद्रपदात ती वाडीवरून परत येताना तापून बंद पडायला लागली. जाताना गार, येताना विस्तव. मिस्त्रींनी सायलेन्सर जाळून काजळी काढली, प्लग बदलला, ठिणगीचं टायमिंग लावलं, पेट्रोलात ऑइल वाढवलं. त्याने धूर वाढला, तापायची ती तापतच राहिली.

लोधिवलीला कोणी नवं गॅरेज टाकलं होतं आणि गिऱ्हाइकं तिकडे वळत होती. समोरच्या चहाच्या टपरीवर एकजण हळूच म्हणाला, "म्हाताऱ्याचा कान गेला." कान काही गेला नव्हता, कारण हे मिस्त्रींना रस्त्यापलीकडे ऐकू आलं.

"आयका रं," ते टपरीसमोर येऊन म्हणाले, "इंजिनात काय बी नाय. सोमवारी मी डॉक्टरांच्या मागं बसून जातो. माजा कान खोटा ठरला तर खुशाल लोधिवलीला जा."

सोमवारी ते तांब्या मांडीवर घेऊन मागे बसले. सगळा चढ चढलो, गाडी गार. वाडीवरची माणसं कोणाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, आणि माझ्या तोंडून नाही निघत नाही. काकड्या, दोडकी, एक भोपळा. नेहमीप्रमाणे मी पिशव्या पुढच्या लेगगार्डला टांगल्या. "हालत्यात," म्हणून मिस्त्रींनी स्वतः त्या इंजिनापुढे करकचून बांधल्या.

दोन-तीन मैलांवर गाडी बंद पडली. तांब्यातलं पाणी केव्हाच सांडलेलं. तहान लागली म्हणून मिस्त्रींनी पिशवीत हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. काकडी उकडली होती. माझी बायको दर आठवड्याला म्हणायची, तिकडची भाजी लगेच शिजते. मला वाटायचं, कोवळी असते.

मिस्त्री रस्त्याकडेला बसून डोळ्यांत पाणी येईतो हसले. "डॉक्टर, हिला गार व्हाया निस्ता वारा लागतो. आन् तुमी तिच्या नाकाफुडं बाजार मांडलाय." मग उठून म्हणाले, "माजा कान शाबूत हाय. चला, टपरीवर सांगू."

पिशव्या त्यांनी स्वतःच्या खांद्याला अडकवल्या. गाडी चौकपर्यंत गार राहिली.

टपरीवर आमचे मोठे साहेब चहा पीत बसले होते. वाडीवरून फुकट कोंबडी घेतली म्हणून त्यांनी मागच्याच महिन्यात एकाची लांब बदली केली होती.

"सापडला का रोग?" टपरीवाल्याने विचारलं.

मिस्त्रींनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "टायमिंग," ते म्हणाले. "मीच चुकीचं लावलेलं. आयकू आलं नाय."

"आन् ह्या पिशव्या?"

"माज्या."

टपरी खो खो हसली. मी खाली मान घालून चहा प्यायलो. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढे गाड्या खरंच लोधिवलीला जाऊ लागल्या. मिस्त्रींनी गॅरेज बंद केलं, भिसेगावला मुलीकडे राहायला गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. दहाव्याला चौकची मंडळी आली होती. टपरीवाल्याने मायेनेच त्या चुकलेल्या टायमिंगची आठवण काढली. आमचे साहेब तोवर निवृत्त झाले होते. मी सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं. पिशव्या माझ्या, भाजी माझी, मिस्त्रींचा कान शेवटपर्यंत खरा.

टपरीवाल्याने माझा हात हातात घेतला. "डॉक्टर, तुमी देवमानूस हाय. गेलेल्या मानसाची किती बाजू घेता," तो म्हणाला. "पन काकडी उकडली म्हंजे लयच झालं."