तळ्यातल्या अंबाडीखाली सखूआत्या

माझी आत्या सखूबाई हिचा जीव आमच्या गावानं घेतला. कार्तिकातल्या अमावास्येला, सकाळी, गुरं बाहेर पडायच्या वेळी. अपघात म्हणणाऱ्यांनी म्हणावं, मी म्हणणार नाही.

मी हिंगोलीत होतो. चुलतभाऊ दिगंबर सायकल टाकून दारात उभा राहिला. "आत्या तळ्यावर गेली होती..." मला वाटलं, नेहमीसारखी भांडायला. "चाल," तो म्हणाला, "लाकडं रचून राहिले."

कळमनुरीच्या वाटेवरचं आमचं गाव. आडाचं पाणी खारं, म्हणून सगळे तळ्याचं पितात. दिवाळीनंतर तिथंच करकोचे आणि बदकं उतरतात. त्याच दिवसांत लोक अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात घालतात, वर दगड ठेवतात, आणि कुजल्या की दोरासाठी सालीचा धागा, म्हणजे वाख, सोलतात. दूरदेशी चाललेल्या लढाईमुळे फौजेसाठी दोराला गिऱ्हाईक वाढलं, तशा पेंढ्या वाढल्या. मासे उलटे तरंगले, पाखरं वरच्यावर फिरून निघून गेली, घरोघरी लेकरांना जुलाब. आत्यानं तळ्याखालच्या स्वतःच्या वावरात अंबाडीसाठी वेगळं डबकं खणून दिलं. कुणी फिरकलं नाही. का, तर डबक्यात वाख काळपट निघतो.

यंदाच्या दिवाळीत पारावर दोराचा धंदा करणारे रंगरावकाका तिला माझ्यासमोर म्हणाले, "सखूबाई, बदकांची वकिली कवापासून घेतली?"

"ती दर साली वायद्यावर येतात, तुह्यावानी न्हाई," आत्या म्हणाली. "तुला दोर पांढरा पायजे. नातवानं काळं पाणी पेलं तरी चालंल, व्हय ना?"

लोक हसले, रंगरावही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पेंढ्या पाण्यात पडल्या.

अमावास्येला पेंढ्या बाहेर काढायला ती एकटीच उतरली. दगड ढकलताना गाळात पाय रुतला, पडली, आणि पेंढ्यांखालून तिला वर येता आलं नाही. काठावर माणसं उभी होती. म्हातारी थकेल, येईल बाहेर, असं वाटलं म्हणे त्यांना... त्यांतल्याच दोघांनी तिला खांदा दिला.

तिरडी बांधली ती पांढऱ्याशुभ्र सुतळीनं. याच तळ्यातला, गेल्या सालचा वाख. मी त्या गाठींकडे बघत चाललो होतो. रडूही आलं नाही, अजून येत नाही.

तेरावं झालं. पेंढ्या पाण्यातच आहेत.

तुमच्या गावच्या पिण्याच्या तळ्यात अंबाडी असेल, तर उद्या सकाळी उतरा आणि ती बाहेर काढा. पण एकट्यानं उतरू नका. काठावर जे बघत उभे असतील, त्यांचे हात धरा आणि त्यांनाही पाण्यात ओढा.